नवा फोन आला, घड्याळ तेच ठेवायचंय: जुना फोन हातचा जाण्याआधी काय काय उरकून घ्यावं?

औसा_रोड (लातूर)

नमस्कार मंडळी.

नवा फोन घेतला. जुना तसा चांगलाय, फक्त बॅटरी लवकर उतरते, म्हणून तो गावाकडं अण्णांना द्यायचाय. निलंग्याच्या पुढं गाव आहे आमचं. अण्णा रविवारी लग्नाला लातुरात यायलेत, तेव्हाच त्यांच्या हातात ठेवावा म्हणतो. तोवर दोन्ही फोन माझ्यापाशी आहेत.

अडचण घड्याळाची. कॉलिंगवालं, देशी कंपनीचं, दोन-अडीच हजारातलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतल्या सगळ्यांचं थोडंफार असंच असावं. डॉक्टरांनी शुगर काठावर आहे म्हणून चालायला लावलं, तेव्हापासूनची पावलं, झोप, नाडी सगळं त्यात आहे आणि पुढच्या तपासणीला दाखवायचंय. गंजगोलाईत फोन घेतला तिथला पोरगा म्हणला, "सर, घड्याळ रीसेट मारा, नव्याला जोडा, दोन मिनिटाचं काम." मागचं रेकॉर्ड? "ते कोण बघतंय सर?"

मी बघतो. म्हणून इथं विचारायलोय. जुन्या फोनवरून सगळं नव्यात क्लोन करून घेतलंय. घड्याळाचं ॲपसुद्धा आलंय, पण उघडलं की कोरं! "डिव्हाइस जोडा" एवढंच म्हणतंय.

आणखी एक. सौ.चं गॅलेक्सी वॉच ४ आहे, भावानं दिलेलं. तिचा फोन दिवाळीला बदलायचाय. त्यालाही हेच सगळं लागू का?

रिपेरवाला_जालना

सर, अजून काहीच मारू नका. रीसेट तर नाहीच.

आमच्या काउंटरवर आठवड्याला दोन-तीन जण हेच घेऊन येऊ राहिले. बहुतेकांनी फोन आधीच एक्सचेंजमध्ये देऊन टाकलेला असतो. मग हातात नुसतं घड्याळ राहतं आणि ते जुन्याच फोनची वाट बघत बसतं. तुमच्याकडं दोन्ही फोन आहेत म्हणजे निम्मं काम झालेलं आहे.

घड्याळाची सोयरीक जुन्या फोनशी लागलेली असते. आधी रीतसर काडीमोड, मग दुसरं लग्न. उलटं केलं की भानगड.

पहिलं काम: जुन्या फोनमध्ये ॲप उघडा, प्रोफाइलवर जा. तिथं तुमचा ईमेल नाहीतर मोबाइल नंबर दिसतो का बघा. "गेस्ट" असं काही लिहिलेलं असेल तर तुमचं सगळं रेकॉर्ड त्या फोनच्या पोटात आहे, बाहेर कुठंच नाही. दुकानात घड्याळ लावून देताना पोरं घाईत "स्किप" दाबतात, त्यामुळं निम्मी घड्याळं गेस्टवर असतात. बघून सांगा, मग पुढचं.

कोरडवाहू (परभणी)

आमच्या आबांचं एचएमटी आहे. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना २०१६ ला बंद झाला, घड्याळ चालूच आहे. रोज सकाळी चावी देतात. फोन किती बदलले तरी त्याला घेणं ना देणं. 🙂

बाकी मास्तर, वाचायलोय. माझंबी घड्याळ बदली होणार हाय.

औसा_रोड

रिपेरवाले भाऊ, गेस्टच निघालं. घड्याळ भाच्यानं लावून दिलं होतं. आता?

रिपेरवाला_जालना

घाबरू नका. लॉगआउट मात्र अजिबात करू नका, ॲपचा डेटा "क्लिअर" करू नका, ॲप काढून परत टाकू नका. गेस्ट असताना यातलं काहीही केलं की सगळं पुसलं जातं.

त्याच ॲपमध्ये, त्याच फोनवर "रजिस्टर" किंवा "अकाउंट जोडा" असं काही असेल. तुमचा रोजचा ईमेल टाका, पासवर्ड वहीत लिहून ठेवा. काही ॲपं गेस्टचं रेकॉर्ड नव्या खात्यात ओढून घेतात, काही घेत नाहीत. म्हणून रजिस्टर करायच्या आधी महिन्या-महिन्याच्या आलेखांचे स्क्रीनशॉट काढा. डॉक्टरला तेवढंही पुरतं. मग रजिस्टर करा, घड्याळ हातात घालून ॲप उघडा, वरून खाली ओढा म्हणजे सिंक होईल, घड्याळातलं रेकॉर्ड ॲपात उतरेल. वायफायवर बसा आणि जरा वेळ ॲप तसंच उघडं ठेवा.

गोदातीर (नांदेड, सध्या पुणे)

भाऊंनी नीट सांगितलंय. क्लोन करूनही ॲप कोरं का आलं, ते सांगते. याच कामात आहे.

फोन आणि घड्याळ पहिल्यांदा जोडले जातात तेव्हा दोघं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्याकडं जपून ठेवतात. पुढच्या वेळी घड्याळ फोनला ओळखतं ते या किल्लीवरून. क्लोन करताना फोटो, नंबर, ॲपं जातात, ही किल्ली जात नाही. जाऊही नये, नाहीतर कुणीही फोनची नक्कल करून तुमच्या घड्याळात शिरेल. नव्या फोनचा ब्लूटूथ पत्ताही वेगळा असतो. म्हणजे घड्याळाच्या लेखी तो अनोळखी माणूस.

दुसरं, "घड्याळात रेकॉर्ड आहे" हे अर्धंच खरं. या स्वस्त घड्याळांची स्मृती लहान असते. काही दिवसांचं साठवतात, फोनला दिलं की जुनं पुसत जातात. खरं रेकॉर्ड असतं फोनमधल्या ॲपात, किंवा खातं केलं असेल तर कंपनीच्या सर्व्हरवर. आणि अनपेअर केलं, म्हणजे फोनशी जोडणी तोडली, की बरीच घड्याळं स्वतःला कोरी करून घेतात. त्यामुळं क्रम असा ठेवा: सिंक, मग खात्री, मग अनपेअर.

खात्री कशी करायची? नव्या फोनवर त्याच ईमेलनं ॲपमध्ये लॉगिन करा, पण घड्याळ जोडू नका. नुसते आलेख बघा. मागचे महिने तिथं दिसले तर तुमचं रेकॉर्ड सर्व्हरवर पोचलंय. नाही दिसले तर जुन्या फोनला हात लावू नका. काही ॲपं एका वेळी एकाच फोनवर लॉगिन ठेवतात, मग जुन्यातून बाहेर काढतील. म्हणून ही तपासणी सिंक झाल्यावरच.

लॉगिन करताना देश किंवा रीजन विचारलं तर जुन्या फोनवर जो होता तोच निवडा. शाओमी आणि अमेझफिटच्या ॲपांमध्ये रीजन वेगळा पडला की त्याच ईमेलचं खातंही रिकामं दिसू शकतं. लोक उगीच धसका घेतात.

बालाघाट (अंबाजोगाई)

मास्तर, अण्णांना फोन देणार म्हणलात म्हणून आमच्या चुलत्याच्या पोराचा किस्सा सांगतो.

त्यानं बी असाच जुना फोन बापाला दिला. ॲपातून घड्याळ काढलं, नव्या फोनला जोडलं, सगळं झ्याक. पण जुन्या फोनच्या ब्लूटूथच्या यादीत घड्याळाचं नाव तसंच राहिलं. गडी पुण्याला असतो, म्हणून कधी कळलंच नाही. पोळ्याला गावी आला, ओट्यावर बसला आन् घड्याळ वाजाया लागलं. ह्यानं मनगटावरच उचललं. तिकडून मुकादम, "तात्या, उचल कधी देऊ सांगा, कोयता जुळवायचाय." सगळं घर ऐकतंय. तात्या म्हणाले, "माझा फोन माझ्यापाशी हाय आन् मुकादम तुझ्या हातात कसा काय बोलायलाय?" त्या बाबतीत बापलेकांत काय बोलणं झालं ते इथं लिहीत नाही. तात्या ह्या साली ऊसतोडीला जाणार न्हाईत असं घरात सांगितलेलं व्हतं.

गोदातीर

😂 😂

पण यातलं तंत्र महत्त्वाचंय. कॉलिंगवाली घड्याळं फोनला दोन वाटांनी जोडलेली असतात. एक कमी विजेचा ब्लूटूथ, त्यावरून पावलं, नाडी, मेसेज जातात. तो ॲपच्या ताब्यात असतो. दुसरा साधा ब्लूटूथ, हेडफोनचा असतो तसा, त्यावरून कॉलचा आवाज येतो. तो फोनच्या सेटिंग्जच्या ताब्यात. ॲपमधून अनपेअर केलं की पहिली वाट बंद होते, दुसरी तशीच राहू शकते. म्हणून जुन्या फोनच्या ब्लूटूथ यादीत जाऊन घड्याळाच्या नावासमोरच्या चाकावर टिचकी मारायची आणि "फरगेट" करायचं. बऱ्याचदा नाव दोनदा असतं, एकापुढं "कॉल" किंवा "ऑडिओ" असतं. दोन्ही काढा.

धाराशिवची_ताई

मध्येच विचारते, रागवू नका. माझ्या सासूबाईंच्या घड्याळात बीपी आणि शुगरपण दिसते. फोन बदलल्यावर आकडे वेगळेच यायलेत. परत काही सेट करावं लागतं का?

रिपेरवाला_जालना

ताई, शुगर दाखवतं असं ज्यानं विकलं त्याला नमस्कार सांगा. असली घड्याळं आमच्याकडं पण येतात, ती दगडावर ठेवली तरी आकडा दाखवतात. करून बघा.

गोदातीर

ताई, हे गमतीवर नेऊ नका. सुई न टोचता घड्याळातून किंवा अंगठीतून रक्तातली साखर मोजणारं एकही उपकरण आपण मंजूर केलेलं नाही, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलाय. त्या आकड्यावर गोळी किंवा इन्सुलिन कमी-जास्त केलं तर जिवावर बेतेल. बीपीचंही स्वस्त घड्याळांत तेच. सॅमसंगच्या घड्याळात बीपी आहे, पण तिथंही आधी दंडाच्या पट्ट्याच्या मशीनशी आकडा जुळवून (कॅलिब्रेट करून) घ्यावा लागतो आणि ते दर २८ दिवसांनी परत करायचं असतं. शिवाय ते ॲप फक्त सॅमसंगच्या फोनवर चालतं. सासूबाईंसाठी दंडाला बांधायचं मशीन घ्या.

धाराशिवची_ताई

बरं झालं विचारलं. आजच सांगते घरी. त्या रोज सकाळी घड्याळ बघून चहात साखर किती घालायची ते ठरवायच्या.

औसा_रोड

सगळ्यांचे आभार, प्रगती सांगतो.

स्क्रीनशॉट काढले, रजिस्टर केलं, सिंक केलं. नव्या फोनवर लॉगिन करून बघितलं तर पावलं पहिल्या दिवसापासून आलीत. नाडीचं मात्र रोजचं सरासरी तेवढंच आलंय, तासातासाचं नाही. झोपेचंही मोघम. चालतंय, डॉक्टरांना पावलंच बघायचीत आणि बाकीचे स्क्रीनशॉट आहेत.

मग ॲपमधून अनपेअर, ब्लूटूथमधून फरगेट. खरंच दोन नावं होती. घड्याळ बंद होऊन परत सुरू झालं आणि भाषा विचारायला लागलं. नव्या फोनवर ॲपमधूनच जोडलं, लगेच जुळलं. गजर सगळे गेले, घड्याळाच्या तोंडावर नातीचा फोटो होता तोही गेला. ते परत लावता येईल.

आता नवी तऱ्हा. पावलं यायलीत, कॉलपण येतो, पण मेसेज येत नाहीत. ॲपमध्ये "नोटिफिकेशन" चालू करायला गेलं की फोन म्हणतो, तुमच्या सुरक्षेसाठी ही सेटिंग बंद आहे. बटण राखाडी आहे, दबतच नाही.

गोदातीर

सर, नव्या फोनवरचं ॲप प्ले स्टोअरवरून घेतलंय का? क्लोन करताना जे आलं तेच असेल, तर जुन्या फोनवर ते मुळात कुठून आलं होतं?

औसा_रोड

भाच्याला फोन केला. म्हणला, घड्याळाच्या खोक्यावरचा क्यूआर स्कॅन केला होता, तिथून थेट फाइल उतरली.

गोदातीर

मग तेच. अँड्रॉइड १३ पासून नियम कडक झालाय. प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी सहजासहजी मिळत नाही, कारण बँकेचे ओटीपी चोरणारी ॲपं नेमकी हीच परवानगी मागतात. तुमच्या जुन्या फोनचं अँड्रॉइड जुनं असणार, म्हणून तिथं अडलं नाही.

फोनच्या सेटिंग्जमधून "अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज" करून हे उघडता येतं, पण मी ते करायला सांगणार नाही. खातं झालंच आहे, रेकॉर्ड सर्व्हरवर आहे. हे ॲप काढून टाका, प्ले स्टोअरवर त्याच कंपनीचं त्याच नावाचं ॲप शोधून घ्या, लॉगिन करा. काढण्याआधी घड्याळ अनपेअर करायला विसरू नका.

रिपेरवाला_जालना

गोदातीर ताईंचं बरोबर. ॲपचं नाव नुसतं वाचू नका, खाली कंपनीचं नाव जुळतं का बघा. एकसारख्या नावाची दहा ॲपं असतात.

आणि परत टाकल्यावर पहिल्यांदा जे जे विचारील ते वाचून हो म्हणा. अँड्रॉइड १२ पासून "नियरबाय डिव्हायसेस" विचारतं, ते नाही म्हणलं की घड्याळ सापडतच नाही. त्याच्या आधीच्या फोनांवर याच कामाला लोकेशन लागायचं, म्हणून लोक विचारत बसायचे की घड्याळाला माझा पत्ता कशाला पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचं बॅटरी. नव्या फोनांना ॲपं मागच्या मागं मारून टाकायची खोड आहे. सकाळी मेसेज येतात, दुपारी बंद होतात, अन् माणूस म्हणतो घड्याळ खराब. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी "अनरिस्ट्रिक्टेड" करा. तुमच्या फोनमध्ये "ऑटोस्टार्ट" असेल तर ते चालू करा. दुकानात येणाऱ्या दहातल्या सात-आठ घड्याळांना मी हेच करतो, त्याचे पैसे घ्यायला लाज वाटते. पण घेतो.

कोरडवाहू

पैसे घ्या हो. फुकट केलं की गिऱ्हाईक म्हणतं, ह्याला काय येतंय.

एक खरंच विचारतो. आमच्याकडं मध्यंतरी दोन दिवस लाइट नव्हती, घड्याळ पार झोपलं. चार्ज केल्यावर वेळ भलतीच दाखवायलं, तारीख तर कुठल्या तरी जुन्या सालाची. फोन बदलल्यावर बी असंच होतं का?

रिपेरवाला_जालना

होतं. ही घड्याळं वेळ फोनकडून घेतात. बॅटरी पूर्ण संपली की आतलं घड्याळ थांबतं, परत फोनला जुळलं की आपोआप नीट होतं. जोवर जोडलं नाही तोवर चुकीची वेळ अन् चुकीच्या तारखेची पावलं. म्हणून एका फोनवरून दुसऱ्यावर नेताना निम्म्याच्या वर चार्ज असू द्या. मध्येच बंद पडलं की अर्धवट लटकतं.

कोरडवाहू

मंजी आबांचं एचएमटी परत जिंकलं.

औसा_रोड

झालं! प्ले स्टोअरवरून टाकलं, मेसेज यायलेत. शाळेच्या ग्रुपवरचे सुप्रभात पण यायलेत, ते कसे बंद करायचे ते माझं मी बघतो.

आता सौ.च्या गॅलेक्सी वॉचचं सांगा. दिवाळीला वेळ आहे, पण धागा चालू आहे तोवर विचारून घेतो.

गोदातीर

ते वेगळं प्रकरण आहे, आणि आता बरंच सोपं झालंय.

गॅलेक्सी वॉच ४ ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. सॅमसंगनं त्यात आपली टायझेन ही प्रणाली सोडून गुगलची वेअर ओएस ही प्रणाली घेतली. तेव्हाच्या वेअर ओएस ३ मध्ये फोन बदलला की घड्याळ फॅक्टरी रीसेट करावंच लागायचं, पर्याय नव्हता. २०२३ मध्ये वेअर ओएस ४ आली तेव्हा रीसेट न करता नव्या फोनवर जायची सोय झाली. म्हणून वहिनींना सांगा, दिवाळीची वाट न बघता आत्ताच घड्याळाचं सॉफ्टवेअर अपडेट करून ठेवा. जुन्यावरच राहिलं असेल तर ऐन वेळी रीसेटशिवाय गत नाही.

मग दोन्ही फोन आणि घड्याळ एका टेबलावर. घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये जनरलच्या आत नवीन फोनला जोडायचा पर्याय आहे, आवृत्तीप्रमाणं नाव थोडं बदलतं. नव्या फोनवर गॅलेक्सी वेअरेबल ॲप उघडायचं, घड्याळ दिसलं की निवडायचं, दोन्हीकडचा आकडा जुळतो का बघायचा, पुढं तेच विचारत जातं. त्याआधी जुन्या फोनवर दोन गोष्टी बघा: वेअरेबल ॲपमधून घड्याळाचा बॅकअप घेतलाय का, आणि सॅमसंग हेल्थमध्ये सॅमसंग खात्याशी सिंक चालू आहे का. दुसरी गोष्ट बंद असेल तर पावलांचं रेकॉर्ड मागं राहील. घड्याळ आलं, रेकॉर्ड आलं नाही अशी तक्रार करणाऱ्यांचं बहुतेक इथंच अडतं.

आणि नवा फोन आयफोन घ्यायचा विचार असेल तर आत्ताच सांगते, वॉच ४ आणि त्यानंतरची गॅलेक्सी घड्याळं आयफोनला जुळतच नाहीत. त्याआधीची टायझेनवाली जुळायची.

धाराशिवची_ताई

माझ्या नणंदेचं हेच घड्याळ. फोन बदलल्यावर बाकी सगळं आलं, घड्याळातलं व्हॉट्सॲप मात्र बाहेर पडलं. तेवढ्यावरून ती म्हणायली घड्याळ बिघडलं.

गोदातीर

ताई, ते बिघडणं नाही. वेअर ओएसवर जुलै २०२३ पासून व्हॉट्सॲपचं स्वतंत्र ॲप आहे. ते लॅपटॉपसारखं "लिंक्ड डिव्हाइस" म्हणून चालतं. नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू केलं की जुन्या जोडण्या तुटतात. घड्याळावर आठ अक्षरांचा कोड दिसेल, तो नव्या फोनच्या लिंक्ड डिव्हायसेसमध्ये टाकायला सांगा. फोनमधले चॅट आधी नव्या फोनवर येऊ द्या, मगच घड्याळ.

शहागंज_टॉवर (छत्रपती संभाजीनगर)

ॲपलवाले कमी दिसतायत इथं, म्हणून त्याची भर घालतो.

आयफोन ते आयफोन असेल तर घड्याळ हातातच ठेवा. नवा आयफोन सेट करताना तो स्वतःच विचारतो, हे घड्याळ या फोनला न्यायचं का? हो म्हणायचं. मात्र आयक्लाउडमध्ये हेल्थ चालू पाहिजे. कॉम्प्युटरवर बॅकअप घेणार असाल तर तो एन्क्रिप्टेड घ्या, पासवर्ड लावून. साध्या बॅकअपमध्ये हेल्थचं रेकॉर्ड जातच नाही. ही खोच बऱ्याच जणांना माहीत नसते. फोन विकून मोकळे होतात आणि मग घड्याळातली व्यायामाची सगळी वर्तुळं शून्यावर.

घड्याळच विकायचं किंवा कुणाला द्यायचं असेल तर फोनच्या वॉच ॲपमधून अनपेअर करा. त्यातच घड्याळाचा बॅकअपही आपोआप निघतो आणि ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे मालकाच्या खात्याचं कुलूप, सुटतो. नुसतं घड्याळ रीसेट केलं तर लॉक तसाच राहतो. अँड्रॉइडवर जायचं असेल तर मात्र ॲपल वॉच कपाटात ठेवा, तिथं त्याचा उपयोग नाही.

रिपेरवाला_जालना

ॲक्टिव्हेशन लॉकचं बोललात ते बरं केलं. सेकंडहँड घड्याळ घेताना विकणाऱ्याला समोर बसवा, त्याच्याच फोनवरून त्याच्या खात्यातून घड्याळ काढायला लावा, तुमच्या फोनला जोडून बघा, मग पैसे द्या. हे फक्त ॲपलचं नाही. शाओमी, अमेझफिटची घड्याळंही आधीच्या खात्याला बांधलेली राहतात, "दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे" म्हणून थांबतात. काउंटरवर आमच्या हातात काही नसतं. मूळ मालक हुडकत बसावं लागतं, अन् तो फोन उचलत नाही.

औसा रोड सर, अण्णांचा फोन रीसेट करायच्या आधी त्यातून तुमचं गुगल खातं काढा, अन् रीसेट सेटिंग्जमधूनच मारा. बटणं दाबून मारला तर सुरू होताना तुमचंच जीमेल अन् पासवर्ड मागत बसेल अन् अण्णा गावाकडं.

छावणीचा_इंजिनिअर (छत्रपती संभाजीनगर)

एक प्रश्न कुणीच विचारला नाही. कंपनीनं ॲपच बंद केलं तर? माझ्याकडं एक घड्याळ आहे, चांगलं चालतंय, पण त्याचं ॲप प्ले स्टोअरवरून गायब. जुन्या फोनवर आहे म्हणून चाललंय. नव्यावर आणायचं कसं?

गोदातीर

हा खरा दुखरा भाग. पेबल हे एक गाजलेलं घड्याळ होतं. कंपनी २०१६ मध्ये बुडाली, मालमत्ता फिटबिटनं घेतली, २०१८ मध्ये सर्व्हर बंद झाले. वापरणाऱ्यांनीच मग रिबल नावाची पर्यायी सेवा उभी करून ती घड्याळं चालू ठेवली. असं भाग्य प्रत्येक घड्याळाला मिळत नाही.

तुझं मॉडेल गॅजेटब्रिजच्या यादीत आहे का बघ. ते मुक्त ॲप आहे, एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपांच्या दुकानात मिळतं. पेबल, मी बँड, अमेझफिट आणि इतर बऱ्याच घड्याळांना चालतं. कंपनीचं खातं लागत नाही, सगळं तुझ्याच फोनमध्ये राहतं. पण मग जबाबदारीही तुझीच: फोन बदलताना डेटाबेस एक्स्पोर्ट करून फाइल नव्या फोनवर न्यायची आणि इम्पोर्ट करायची. काही मॉडेलांना आधी कंपनीच्या ॲपमधून एक किल्ली काढावी लागते, ती जुना फोन चालू आहे तोवरच काढून ठेव.

छावणीचा_इंजिनिअर

यादीत आहे! किल्लीवाल्या प्रकारातलं आहे. आज रात्री बसतो.

बालाघाट

आमच्या त्या चुलतभावानं आता आयफोन घेतलाय. घड्याळ तेच, स्वस्तवालं. जोडलं, पावलं येतेत, पर मेसेज बंद. आन् तात्या इकडं खूश हायेत.

शहागंज_टॉवर

आयफोनच्या ब्लूटूथ यादीत घड्याळाच्या नावापुढं गोलातलं "आय" आहे, तिथं "शेअर सिस्टम नोटिफिकेशन्स" चालू करायला सांगा. मेसेज दिसतील. घड्याळावरून उत्तर मात्र पाठवता येणार नाही, दुसऱ्या कंपन्यांच्या घड्याळांना आयफोन तेवढी मुभा देत नाही.

बालाघाट

सांगितलं. आले म्हणतोय मेसेज. पहिला मेसेज कारखान्याच्या बिलाचा, तो बी तात्यांनी पाठवलेला.